दहा मिनिटांचा खुलासा

पापडीच्या सेलिन टीचरना पेपरवाचनाचा तास कुणी दिला नव्हता, तो त्यांनी बळकावला होता. वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास पीटीचा. पीटीचे सर सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि पोरं मैदानात एकमेकांची डोकी फोडायच्या आत टीचर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आठवीच्या वर्गात दाखल झाल्या. डब्यात वर्तमानपत्रांची कात्रणं होती. कांद्याच्या भावाची, धरणाची, क्रिकेटची, कुठल्या तरी देशातल्या निवडणुकीची. टीचरचे यजमान वॉल्टर मोगऱ्याच्या कळ्या बांधायला जुने पेपर आणून ठेवत आणि त्यांतल्या निम्म्यांना खिडक्या पडलेल्या असत. "माझ्या कळ्या गळतात आणि हिची पोरं हुशार होतात," असं ते येईल त्याला सांगत.

तासाची रीत ठरलेली. एकाने उठून बातमी मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने तीच पाच वाक्यांत सांगायची. स्वतःचं काही घालायचं नाही आणि बोचणारं काही गाळायचं नाही. मग तिसऱ्याने सांगायचं, की या बातमीत कुणाचं म्हणणं आलेलं नाही. या तिसऱ्या भागावर टीचरचा फार जीव. धरणाच्या बातमीत मंत्री बोलले, इंजिनिअर बोलले, ज्यांची घरं बुडणार ते बोललेच नाहीत, असं एखादं पोर म्हणालं की टीचर दिवसभर खुशीत असत. पोरांना या गोष्टीचा असा काही नाद लागला की विचारू नका. हेमांगीने तर घरी आई-आजीच्या भांडणाचं पाच वाक्यांत सार सांगितलं आणि दोघींचा मार खाल्ला.

आता अशा बाईच्या हातून चूक व्हावी ती कुठे? वेळेत! सतरा वर्षांत ज्या बाईला वर्गावर यायला एकदाही उशीर झाला नाही, तिच्या हातून. उशीर होत नसे कारण मनगटावरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलेलं असे. किती वाजले विचारलं की टीचर मनातल्या मनात दहा वजा करून सांगत. इतकी वर्षं कधी हिशेब चुकला नव्हता.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये चुकला. शाळेत दहावीच्या बोर्डाचं केंद्र होतं, इतिहासाचा पेपर होता आणि सहा नंबरच्या खोलीत टीचर पर्यवेक्षक होत्या. पेपर दोनला सुटायचा. त्याआधी दहा मिनिटं सुधाकर शिपाई इशाऱ्याची घंटा देई. ती घंटा झाली, टीचरनी घड्याळ पाहिलं, काटे बरोबर दोनवर. वजाबाकी राहून गेली.

"पेन खाली," टीचर म्हणाल्या.

"टीचर, अजून वेळ आहे," दोन-तीन मुलं एकदम म्हणाली.

"वेळ म्हणजे वेळ!" त्यांनी चोवीसच्या चोवीस उत्तरपत्रिका ओढून घेतल्या. गठ्ठा घेऊन त्या खाली आल्या तेव्हा बाकीच्या खोल्यांतली मुलं माना खाली घालून लिहीत होती. टीचरना राहिलेली वजाबाकी आठवली. परत वर धावल्या, पण सहा नंबरची मुलं केव्हाच फाटकाबाहेर पांगली होती.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली: 'पर्यवेक्षिकेच्या निष्काळजीपणामुळे चोवीस विद्यार्थ्यांचे नुकसान.' पाठोपाठ बोर्डाचं पत्र आलं. सात दिवसांत लेखी खुलासा द्या.

मुख्याध्यापक जगन्नाथ सर तसा भला माणूस. त्यांनी स्वतः बसून खुलासा लिहिला, तीन पानी. त्यात 'सदर' आणि 'तथापि' यांची अशी गर्दी की मुद्दा शोधायला वाट काढत जावं लागे. मुद्दा इतकाच होता, की शिपायाने घंटा नीट न दिल्यामुळे संभ्रम झाला. सुधाकर तात्पुरता होता. दर जूनला त्याची ऑर्डर नव्याने निघत असे.

"टीचर, डोळे मिटून सही करा," सर म्हणाले. "तुमची सतरा वर्षांची नोकरी आहे. सुधाकरला मी कुठेतरी चिकटवून देईन."

खरं सांगायचं तर टीचरना सही करायचीच होती. त्या काही आभाळातून पडल्या नव्हत्या. नोकरी हवी होती, नाव हवं होतं. चर्चमधून बाहेर पडताना बायका त्यांच्याकडे बघून बोलायच्या थांबत, ते थांबायला हवं होतं. तीन पानं पर्समध्ये घालून त्या शुक्रवारी आठवीच्या वर्गावर गेल्या.

टीचरनी डब्यातून कात्रण काढलं. त्यांचंच. हेमांगीने ते कसंबसं वाचलं आणि सार सांगायला सुमेध उठला. "आपल्या टीचर खूप शिस्तीच्या आहेत," त्याने सुरुवात केली. "त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही..."

"हे बातमीत कुठे आहे?"

सुमेध पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत उभा राहिला.

"शून्य," टीचर म्हणाल्या. "बोचणारं गाळायचं नाही, हा नियम फक्त मंत्र्यांना आहे का? बस खाली."

मग त्यांनी पर्समधली तीन पानं काढली आणि स्वतःच वाचली. नावं घेतली नाहीत. नुसतं 'पर्यवेक्षिका' आणि 'शिपाई' एवढंच म्हणाल्या. पोरांना काय ते कळलं. वाचून झाल्यावर त्यांनी हेमांगीला उठवलं.

हेमांगीने बोटं मोजली, पुन्हा मोजली. "टीचर, पाच वाक्यं होत नाहीत. एकच होतंय."

"सांग."

"चूक झाली, पण माझी नाही."

टीचरचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी ती तीन पानं घडी करून पर्समध्ये टाकली. मग त्यांनी विचारलं, "आणि यात कुणाचं म्हणणं आलेलं नाही?"

"घंटा वाजवणाऱ्याचं," अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला.

टीचरनी खडू उचलला आणि फळ्यावर आपला खुलासा लिहिला. घंटा वेळेवर झाली. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, हे मला माहीत होतं. मुलांनी सांगूनही मी ऐकलं नाही. चूक पूर्ण माझी आहे. शिक्षा मान्य आहे. मोजून पाच वाक्यं. अक्षर नेहमीसारखं गोल. "आता यात कोण नाही?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, आता कुणीच उरलं नसेल.

मघाशी शून्य मिळालेला सुमेध जागेवरूनच पुटपुटला, "ज्यांची दहा मिनिटं गेली ती मुलं नाहीत, टीचर."

जगन्नाथ सरांनी तो खुलासा वाचून कपाळावर हात मारला. पण पाठवला. बोर्डाने टीचरना पाच वर्षं परीक्षेच्या कामातून काढलं आणि सेवापुस्तकात शेरा मारला. सुधाकरची ऑर्डर जूनमध्ये निघाली. एवढ्यावर कुणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. टीचरनी केंद्रावरून चोवीस मुलांचे पत्ते मिळवले आणि वॉल्टरना स्कूटर काढायला लावली.

एप्रिलभर उन्हातान्हात ही वरात वसईभर हिंडली. टीचर दारात उभ्या राहत आणि म्हणत, "तुमच्या मुलाची दहा मिनिटं मी घेतली. माझी चूक झाली." बऱ्याच मुलांनी सांगितलं, की त्यांचा पेपर कधीच संपला होता, ती नुसती समासाच्या रेघा मारत होती. नायगावच्या एका वडिलांनी अर्धा तास वाटेल तसं सुनावलं. टीचरनी ते उभ्याने ऐकलं. बाकी ठिकाणी सरबत मिळालं. "सेलिन, तुझ्या पापाची फळं गोड आहेत," वॉल्टर म्हणत. त्यांच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं.

चोविसावी मुलगी राहिली, जूचंद्रची अश्लेषा. ती मामाकडे गेली होती. ती भेटली तेव्हा जून लागला होता आणि निकालही लागून गेला होता. चारशे सेहेचाळीस. फर्स्ट क्लास चारशे पन्नासला. चार गुणांनी गेला.

"बसा बाय, पानी आनते," म्हणून अश्लेषाची आई आत गेली. वडील ओटीवर बसले होते. टीचरचं बोलणं ऐकून त्यांनी हात झटकला. "जाऊं द्या. हिच्या डोक्यातच नाय. मी बोललो हिला, शाला बस झाली आता."

अश्लेषा दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होती.

"तुझं काय राहिलं होतं?" टीचरनी विचारलं.

"शेवटचा प्रश्न. आठ मार्कांचा. पहिल्या महायुद्धाची कारणं."

"सांग मला."

अश्लेषाने वडिलांकडे पाहिलं, मग सांगू लागली. आधी अडखळत, मग सरसर. मराठी शिकवायला लागण्याआधी टीचरनी सहा वर्षं इतिहास शिकवला होता. त्या एकेक मुद्दा मनात मोजत होत्या. दोन मुद्दे निसटले, बाकीचे नेमके आले. ती थांबली तेव्हा पाणी घेऊन आलेल्या आईच्या हातातला तांब्या तसाच होता.

"किती दिले असते, टीचर?"

टीचरना उत्तर माहीत होतं. तीन म्हटलं असतं तर फर्स्ट क्लास तसाही हुकलाच असता, कुणाचं काही देणं लागलं नसतं, आणि सगळे निवांत झाले असते.

"सहा," टीचर म्हणाल्या. "सहा दिले असते. तुझा फर्स्ट क्लास माझ्यामुळे गेला, बाळा."

अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान वर झाली. टीचरकडे तिने पाहिलंच नाही. ती वडिलांकडे वळली होती.

"आयकलंस ना, बाबा? मना येत व्हतं."