मामाच्या गिटारचे पाच भाग आणि मुरलीपुऱ्यातले सात चहा

जयपूर स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं आणि तीन रिक्षावाल्यांनी मला परस्पर गोपालपुऱ्याला न्यायचं ठरवून टाकलं. गोपालपुरा म्हणजे इथली क्लासेसची आणि होस्टेलांची वसाहत. माझ्या वयाची मुलगी पाठीवर बोजा घेऊन सकाळी उतरली म्हणजे ती तिकडेच जाणार, विषय संपला. मी म्हटलं, "भैया, आदर्श नगर." त्यातल्या एकाने पाठीवरच्या पिशवीकडे बघून विचारलं, "इसमें क्या है, सितार?"

"गिटार है."

"बजाती हो?"

"बजती नहीं है, इसीलिए तो आई हूँ."

तो एवढा खूश झाला की आदर्श नगर येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला हेच सांगत होता. मी मागे बसून थंडीने कुडकुडत सगळ्यांना मान डोलावत होते.

तर ही गिटार माझ्या मामाची. मामा इचलकरंजीत असतो आणि तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात होता, गणपतीत रोज एक गाव. गिटार परदेशी, जुनी, इलेक्ट्रिक, आणि त्याच्याकडे आली तीच मोडकी. सुटे भाग तेव्हा कुठून आणणार, मग मामाने जे हाताला लागलं ते लावलं. आवाज कमीजास्त करायचं बटण पंख्याच्या रेग्युलेटरचं आहे, त्यावर एक ते पाच आकडे आहेत. एक खुंटी मेंडोलिनची. गळ्याच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती कॅरमच्या स्ट्रायकरमधून कापलेली. तारांखाली आवाज पकडणाऱ्या दोन गुंडाळ्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात, त्यातली मागची दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारीची. आणि सगळ्यात भारी म्हणजे स्विच. पुढचा पिकअप की मागचा, हे निवडायला मामाने चक्क बेडस्विच लावलाय. पलंगाच्या डोक्याशी वायरीला लोंबकळतो तो, पेरूसारखा दिसणारा. दाबला की पुढचा, परत दाबला की मागचा.

मला ही गिटार जीव की प्राण आहे. पण ती गुणगुणते. म्हणजे मी काही वाजवत नसतानाही ती गुणगुणते. आमच्या बँडचा ड्रमर म्हणतो, तुझ्या शेजारी उभं राहिलं की फ्रिज उघडा राहिल्यासारखं वाटतं. त्यात मामाच्या डाव्या हाताचे सांधे आता धरलेत, तारा दाबता येत नाहीत. म्हणून हल्ली ती मीच वाजवते. दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नीट करून आण, मला एकदा धड ऐकायची आहे." धड म्हणजे कशी, ते काही सांगितलं नाही. आणि मला तीच धास्ती. चुकीचा भाग बदलला तर मामाची गिटार जाणार आणि हातात कुठलीही एक जुनी गिटार उरणार.

जयपूरच का? कारण गिटार दुरुस्त करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मुरलीपुऱ्याचे गिरधारीजी सापडले. त्यांच्याकडे हिची जुळी बहीण आहे, तेच मॉडेल, मान मोडलेली, पण आतले भाग सगळे मूळचे. फोटो बघून मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

आदर्श नगरला माझी मावसबहीण राहते, केतकीताई, आयटीत आहे, चार वर्षं जयपुरात. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "अगं मतलब आधी नाश्ता कर, मग ते तुझं खटारं दाखव." नाश्ता म्हणजे प्याज कचोरी (कांद्याचं सारण भरलेली, तळहाताएवढी कचोरी, वर आंबटगोड चटणी). मी दोन खाल्ल्या. मग ताईने बेडस्विच बघितला आणि विचारलं, "हे दाबलं की लाइट जाते का?"

मुरलीपुरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सीकर रोडला लागून. ई-रिक्षा, मग बस, मग परत ई-रिक्षा. शेवटच्या रिक्षात माझ्या पायापाशी एक मोठा कूलर होता आणि कूलरचा मालक माझ्या गिटारला टेकून झोपला. मी त्याला उठवलं नाही, मला भाग शोधायचा होता, भांडण नाही.

गिरधारीजींचं दुकान खरं म्हणजे मोटारी आणि पंखे बांधायचं. तांब्याच्या तारेची रिळं, तेलाचा वास, भिंतीवर मेलेल्या पंख्यांच्या जाळ्या. ज्या हाताने पाण्याचा पंप बांधतात त्याच हाताने ते केसाएवढ्या तारेचा पिकअप बांधतात. साठीचे असतील, गळ्यात मफलर. "आओ बाईसा," (इकडे मुलींना मानाने बाईसा म्हणतात) म्हणून त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बेडस्विच दोनदा दाबला आणि विचारलं, "ये किस महापुरुष का काम है?"

"मामा का."

"हिम्मत थी मामा में."

मी माझी यादी काढली. काय ठेवायचं, काय बदलायचं, दोन रंगांत, ट्रेनमध्ये बसून केलेली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. घडी करून गिटार डगमगू नये म्हणून खाली लावली आणि दुकानाचा नियम सांगितला. एका वेळी एकच भाग बदलायचा. मग भिंतीकडे तोंड करून, रोज वाजवते तेच वाजवायचं. मग चहा. चहा संपेपर्यंत मत द्यायचं नाही. "पहले सुनो, फिर चाय, फिर बोलो." आणि आधी बोललीस तर? "तो पुराना वापस लगेगा, फिर से सुनोगी."

मला वाटलं गंमत करतायत.

पहिली खुंटी. मेंडोलिनची काढली, जुळ्या बहिणीची लावली, मी भिंतीकडे बघून वाजवलं आणि वळून म्हटलं, "एकदम बढिया." गिरधारीजींनी शांतपणे नवी खुंटी काढली आणि मेंडोलिनची परत बसवली. चहा आला. प्यायले. परत सगळं पहिल्यापासून, परत चहा. शेवटी जुळ्या बहिणीचीच खुंटी ठेवायची ठरली. एका खुंटीला दोन चहा.

स्ट्रायकरची पट्टी काढलीच नाही. त्यांनी ती नखाने वाजवली, भिंग लावून खाचा बघितल्या आणि म्हणाले, "ये कंपनी वाले से अच्छी घिसी है." तरी चहा झालाच. रेग्युलेटरचं बटण बदलून बघितलं, आवाजात काडीचा फरक नाही, म्हणून मामाचंच राहू दिलं. चहा. मागच्या पिकअपला मी परत घोटाळा केला. मूळचा पिकअप लावल्यावर गिटार एकदम सज्जन वाजायला लागली, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी, आणि माझ्या तोंडून गेलं, "ये नहीं चाहिए." परत जुना, चहा, परत नवा, चहा. शेवटी मामाचाच ठेवला, त्यात जरा गुरगुर आहे.

तुम्ही मोजत असाल तर सहा झाले. वर दोन कचोऱ्या. माझे हात असे थरथरायला लागले की सूर हलतोय तो गिटारमुळे की माझ्यामुळे हेच कळेना. गिरधारीजी म्हणाले, "कंपन अच्छा है, पैसे देकर सीखते हैं लोग."

राहिला स्विच. आणि इथे आमचं वाजलं.

"भिनभिन इसी की है," ते म्हणाले. "बाहर से लाइट का वायर दौड़ रहा है. इसको रखोगी तो भिनभिन भी रखोगी."

मी म्हटलं, राहू दे. माझ्या गिटारचे फोटो लोक त्या स्विचसाठी काढतात. बाकी काहीही काढा, हा मामा आहे. हिंदीत हे फार भावुक झालं आणि समोरच्या टायरवाल्याने काम थांबवून माझ्याकडे बघितलं.

"जिसने लगाया है, उससे पूछ लो," गिरधारीजी म्हणाले.

फोन लावला, स्पीकरवर टाकला, एका पंख्याच्या जाळीत अडकवला.

"काढ की ते," मामा म्हणाला. एका सेकंदात.

"अरे मामा, पण ती तुझी आयडिया..."

"आयडिया कसली डोंबलाची. गिटार आली तीच स्विच तुटून, रात्री जयसिंगपूरला कार्यक्रम. तुझ्या आजोबांच्या पलंगाचा कापून लावला. आण्णा महिनाभर अंधारात चाचपडत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. मला लाज वाटायची त्याची, स्टेजवर हात ठेवून झाकायचो." मग त्याने विचारलं, "तिथं ओरिजिनल आहे काय गं?"

"आहे."

"त्याला तीन जागा असतात म्हणे. पुढचा, मागचा, आणि मधे दोन्ही एकत्र. मधली कशी वाजते? मला ती मिळालीच नाही कधी."

मी गिटार पुढे सरकवली. गिरधारीजींना मराठी येत नाही, पण त्यांनी वायरीला डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आधीच तापत घातलं होतं.

मूळचा स्विच बसला. भिंतीकडे तोंड करायचं मी विसरले, त्यांनीही आठवण करून दिली नाही. स्विचची दांडी मधे ठेवली आणि वाजवलं. गुणगुण गेलेली. आवाज मोकळा, घंटेसारखा, आणि खाली ती गुरगुर. टायरवाल्याने हातोडा खाली ठेवला. फोनमधून मामीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग मामा म्हणाला, "अगं, गॅस बंद कर जरा." मग मला, "परत वाजव."

तीन वेळा वाजवलं.

"एवढी वर्षं हे यातच होतं होय," मामा म्हणाला. "राहू दे हाच."

मी घाबरून गिरधारीजींकडे बघितलं, चहाआधी मत दिलं म्हणून. ते मफलर सारखा करत म्हणाले, "मामाजी को यहाँ से चाय कैसे पिलाएँ. उनका चलेगा." सातवा चहा मग आम्ही दोघांनी प्यायला, काहीही न ठरवता.

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर गिटार आणि खालच्या बर्थवर मी, झोप नाही, सात चहा म्हणजे काय चेष्टा आहे. पडल्या पडल्या एकच डोक्यात येत होतं. जो स्विच मी मामाची खूण म्हणून जपायला निघाले होते, ती त्याची अडचण होती. त्याला न विचारता मी तिच्या प्रेमात पडले होते. खऱ्या खुणा म्हणजे ती स्ट्रायकरची पट्टी आणि तो गुरगुरणारा पिकअप, आणि ते मी यादीत 'बदलायचे' खाली लिहिले होते.

इचलकरंजीला पोचले त्या दुपारी मामाने गिटार मांडीवर घेतली. तारा दाबायचा प्रयत्न केला नाही. मला शेजारी बसवलं, म्हणाला तू वाजव, आणि स्वतः अंगठ्याने स्विच हलवत राहिला. पुढे, मधे, मागे. मधे. मामी दोनदा जेवायला बोलवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तीही टेकली, आणि मामाचा अंगठा मधेच होता.