पाच इंच झाकलेली दुपार

चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, हे मामा इतक्या अभिमानाने सांगत की ऐकणाऱ्याला आपल्याला थोडं कळतं याचीच लाज वाटावी. चाळीस वर्षं त्यांनी चित्रांना चौकटी केल्या. जिन्याखालचं दुकान, सरसाचा वास आणि जमिनीवर भुशाचा असा मऊ थर की गिऱ्हाईक आत आलं तरी पावलांचा आवाज होत नसे. एकदम कानाशी "अहो मामा" ऐकू यायचं आणि मामा करवतीसकट दचकायचे. ते नक्की कुणाचे मामा होते हे कुणालाच आठवत नव्हतं. सगळ्या गल्लीचे मामा आणि म्हणून त्यांची बायको सगळ्या गल्लीची मामी.

चित्र समोर आलं की मामा त्याच्या फक्त कडा बघत. "मधलं काय ते शहाणे लोक बघतील," ते म्हणायचे. "मध्ये सगळेच जीव ओततात हो. कडेपर्यंत येईस्तोवर भूक लागते, मग फासतात कसातरी रंग. माणूस ओळखायचा तो कडेला."

या परीक्षेत आयुष्यभरात एकच जण पास झाला. तो शाळेत त्यांच्याच बाकावर बसायचा. मामा त्याला रंगाऱ्या म्हणत आणि तो मामांना सुतारा. पुढे रंगाऱ्याची कीर्ती सातासमुद्रापार गेली, त्याच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली, पण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत तो रंगाऱ्याच राहिला.

सुरुवात झाली ती मुख्याध्यापकांपासून. तोवर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मुख्याध्यापक निवृत्त होणार म्हणून शाळेने त्याला त्यांचं चित्र काढायला बोलावलं. सर खिडकीजवळच्या खुर्चीत छाती काढून बसले आणि दहाव्या मिनिटाला झोपले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी रंगाऱ्याने विचार केला, की रोज दिसतंय तेच काढावं. हनुवटी छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहऱ्यावर असं काही निरागस हसू की ज्यांनी त्यांची छडी खाल्ली होती ती मुलंही चित्रासमोरून चवड्यांवर चालू लागली. शाळेच्या मंडळाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, म्हणजे वर्गातली जुनीच शिक्षा. स्वतः सर ते बघून हळूच म्हणाले होते, "मी इतका बरा दिसतो?" पण त्यांना विचारतो कोण!

त्यानंतर रंगाऱ्याने जागा माणूस म्हणून काढला नाही. "जागा माणूस समोर बसला की चेहरा चढवून बसतो," तो म्हणायचा. "झोपला की घरचे कपडे घालतो." त्याच्या चित्रांत डॉक्टर आपल्याच रोग्यांच्या बाकावर झोपलेले असत, पोस्टमन पत्रांच्या थैलीवर, आणि एक न्हावी तर उभ्या उभ्या, कात्री हवेत. घरं जरा जमिनीपासून सुटलेली, झाडं खिडकीतून आत डोकावणारी. बघता बघता आपल्यालाच जांभई यायची आणि मग कुठल्यातरी विसरलेल्या दुपारी आपण जाऊन पोचायचो.

एकदा त्याने नगरपरिषद काढली. लांबलचक टेबल, भोवती पंधरा सभासद गाढ झोपलेले, मागची खिडकी उघडी आणि टेबलावरचे ठराव एकेक करून पक्ष्यांसारखे बाहेर उडून चाललेले. मग काय! मोर्चा निघाला, प्रदर्शनाच्या काचा फुटल्या, वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, खटला उभा राहिला. वकिलांनी गरजून विचारलं, "एकही सभासद तुम्हाला जागा दिसला नाही?"

"एक होता, साहेब. तो चहा सांगायला गेला होता."

खटला सहा वर्षं चालला आणि शेवटी त्यालाच डोळा लागला. या सहा वर्षांत गावातल्या एकाही दुकानाने रंगाऱ्याच्या चित्राला चौकट केली नाही. एक मामा सोडून. कुणीतरी दुकानाच्या पाटीला डांबर फासलं. मामा पाटीकडे बघून म्हणाले, "कडेपर्यंत फासलेलं नाही. आळशी लेकाचे." आणि जो येईल त्याला ऐकवायचे, "अहो, झोपेत कसला आलाय अपमान? माणूस विश्वास असेल तिथंच झोपतो ना?"

आता दोघांमधली एक अट सांगायला हवी. कुठलीही चौकट चित्राचा पाव इंच तरी खाते. पट्टीला आतून जी खाच असते तिच्यात चित्राची कड जाऊन बसते आणि कायमची झाकली जाते. रंगाऱ्याला तो पाव इंच सहन होत नसे. यावरून एकदा त्याने दोन महिने अबोला धरला. मग मामांनीच डोकं लढवलं आणि मागून स्क्रू मारून अशी चौकट केली की चित्र आत जणू तरंगतं, चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा, कॅनव्हासचा एक धागा झाकला जात नाही. "तुझा एक धागाही झाकणार नाही," असा शब्दच दिला त्यांनी. तेव्हापासून चित्र हातावेगळं झालं की रंगाऱ्या ते दुकानात पाठवायचा आणि उद्घाटनापर्यंत त्याचं तोंड बघायचा नाही. इतका भरवसा.

केस पिकल्यावर त्याचं गावात पुन्हा प्रदर्शन ठरलं. काचा फुटल्यानंतरचं पहिलंच. त्यासाठी त्याने आठ फुटी चित्र काढलं: आमची सगळी गल्ली भर दुपारी झोपलेली. मामांनी सवयीने कडा तपासायला घेतल्या. डावी झाली, वरची झाली, आणि उजवीकडे खाली कोपऱ्यात येताच त्यांचा हात थांबला.

तिथे मामी होती. मामांच्याच कामाच्या टेबलावर, पट्ट्यांच्या गठ्ठ्याला गाल टेकून झोपलेली. तोंड उघडं, एक चप्पल गळून पडलेली, भुशाचे कण केसांत.

मामा मटकन स्टुलावर बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं तत्त्वज्ञान आता घरी मुक्कामाला आलं होतं. डॉक्टर झोपले ती कला, पोस्टमन झोपला ती कला. पण आपली बायको तोंड उघडं टाकून? उद्या गल्ली हसेल. आणि जिने उभ्या जन्मात कुणापुढे पाठ टेकली नाही तिला काय वाटेल? रंगाऱ्याला जाब विचारावा तर आपलेच शब्द आपल्या घशात. मामी डबा घेऊन आली तेव्हा त्यांनी चित्रावर चादर टाकली आणि म्हणाले, "रंग ओला आहे." हे त्यांचं पहिलं खोटं.

दुसरं खोटं लाकडाचं होतं. त्यांनी पाच इंच रुंद पट्टी काढली आणि ती चित्राच्या बाहेर लावण्याऐवजी चित्रावरच बसवली. आता चौकट चारी बाजूंनी सारखी हवी. त्यामुळे एका मामीला झाकताना वरचा शिंपी गेला, डावीकडचा पाववाला गेला, खालची दोन कुत्री गेली. निम्मी गल्ली लाकडाखाली गाडली गेली. तरंगणारं चित्र पहिल्यांदाच खाली बसलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मामी चक्क तयार होऊन बसली होती. ठेवणीतले कपडे, केसांत नवी पिन. आजवर ती एकाही प्रदर्शनाला गेली नव्हती.

"तू कशाला येतेस? गर्दी असेल, पाय दुखतील."

"दुखू देत. माझेच आहेत," मामी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दालनात गंमतच चालली होती. ज्यांनी एके काळी मोर्चे काढले ते आता चित्रात स्वतःला शोधत होते. पाववाला फुरंगटून बसला होता. "आम्ही काय गल्लीत राहत नाही? का आम्हाला झोप येत नाही?" शिंपी तर रंगाऱ्यालाच शोधायला निघाला होता.

मामी मात्र कुणाशी बोलत नव्हती. ती चित्राच्या उजव्या कोपऱ्याशी उभी होती. वाकून बघत होती. मग चष्मा पुसून पुन्हा. मग तिने चौकटीच्या लाकडावर हात फिरवला, जसा आपण बंद दारावर फिरवतो.

मामा जवळ गेले. "काय शोधतेस?"

"काही नाही हो." मामी हसली, पण ते हसू काही जमलं नाही. "मागच्या वर्षी तुम्ही काच आणायला गेला होतात. मी दुकानात बसले होते, डोळा लागला. उठले तर समोर भाऊजी वही घेऊन. म्हणाले, वहिनी, मोठ्या चित्रात घेऊ का? नको असेल तर कागद आत्ता फाडतो. मी म्हटलं, घ्या. लग्न झाल्यापासून दुपारी मी कधी झोपलेय असं कुणी पाहिलंय का? तुमच्या घरात तर कुणाला खरंसुद्धा वाटणार नाही. एवढा एक पुरावा राहू दे." ती पुन्हा कोपऱ्याकडे वळली. "त्यांनी बदललं असेल नंतर. असेल. मोठे कलाकार. तोंड उघडं होतं का काय माझं?"

समोरून रंगाऱ्या येत होता, मागे शिंपी. रंगाऱ्याने चित्र पाहिलं, चौकट पाहिली आणि त्याचा चेहरा खडूसारखा झाला. "सुतारा," तो एवढंच म्हणाला.

"मीच," मामा म्हणाले. मग बायकोकडे वळून, सगळ्यांदेखत, "तू आहेस तिथे. मी झाकलंय तुला. लोक हसतील म्हणून. मला वाटलं, तुला..." पुढचं वाक्य त्यांना जुळवता येईना. जन्मभर कोपरे जुळवलेला माणूस.

मामीने लाकडावरचा हात काढला. "मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"पाच इंच!" रंगाऱ्याला आता कंठ फुटला. "पाव इंचासाठी दोन महिने बोललो नव्हतो मी तुझ्याशी. या हिशेबाने मला आता पुढचा जन्म घ्यावा लागेल!"

"तो घे सावकाश. आधी कोपरा धर," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेचकस काढला. कितीही ठेवणीतला कोट असो, खिशात पेचकस असायचाच.

पाहुण्यांनी आपापले कोट जमिनीवर पसरले. त्यांवर चित्र पालथं घातलं. एका कोपऱ्याला रंगाऱ्या, एकाला शिंपी, एकाला पाववाला आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याला मामी. मामा गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू काढत गेले. घाई त्यांनी केली नाही. चौकट सुटली. चित्र पुन्हा भिंतीवर चढलं, उघडंबोडकं, कडेचे खिळे दिसणारं, आणि हलकंच भिंतीपासून सुटल्यासारखं दिसू लागलं. पाववाल्याने स्वतःला पाहिलं आणि लाजला.

मामी चित्रातल्या स्वतःसमोर उभी राहिली. पट्ट्यांवर टेकलेला गाल. भुसा माखलेले केस. दाराच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या अनवाणी पावलापर्यंत येऊन थांबलेलं, आणि आसपासची सगळी गल्ली जणू तिच्याच श्वासावर वरखाली होत असलेली.

"किती गाढ झोपलेय हो मी," ती म्हणाली.

मामा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. ती सरकली नाही, पण त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी घसा खाकरला आणि "अगं ऐक, माझं चुकलं," असं जरा मोठ्यानेच म्हणायला सुरुवात केली.

"शू," मामी चित्रावरची नजर न काढता म्हणाली, "हळू बोला. उठेन ना मी."