‘लवकरच’ म्हणजे कधी?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचे एक लहानसे दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे वहिनी म्हणतात. प्रौढांच्या साक्षरता वर्गात त्या माझ्याच बाकावर बसतात. बाक लहान मुलांचे असल्यामुळे आम्हा दोघांचेही गुडघे फळीला लागतात. या वहिनींविषयी लिहावे असे मी बरेच दिवस योजले होते, ते आज लिहीत आहे.

वहिनींचे यजमान फार लवकर गेले. त्यानंतर त्यांनी इस्त्रीच्या बळावर एकुलत्या एका मुलीला वाढवले. शर्ट हाती आला की आधी कॉलर, मग बाह्या आणि पाठ शेवटी, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. हात चालतो तशीच त्यांची जीभही चालते. कुणी फारच चुरगळलेला कपडा आणला, तर त्या म्हणतात, “साहेब, हा घालून झोपला होता, की याच्यासोबत कुस्ती खेळला?” लोकांना राग येत नाही. उलट एखादा कपडा कमी चुरगळलेला असला, तर तो मुद्दाम चुरगळून आणणारे गिऱ्हाईकही मला ठाऊक आहे.

मुलगी शिकली आणि दूरच्या शहरात एका मोठ्या कंपनीत लागली. तक्रार करणाऱ्या ग्राहकांना उत्तरे लिहिणे हे तिचे काम आहे. प्रारंभी ती रोज फोन करीत असे. पुढे फोन कमी होत गेले आणि त्यांच्या जागी मेसेज येऊ लागले. ते शेजारचा औषधवाला वाचून दाखवीत असे. “लेकीची खुशाली परक्याच्या तोंडून किती दिवस ऐकायची?” असे म्हणून वहिनींनी वर्गात नाव घातले.

अक्षरे लागू लागल्यावर त्यांनी एके दिवशी मला फोन दाखवला. ‘कधी येतेस?’ असे त्यांनी औषधवाल्याकडून विचारले होते. त्यावर मुलीचे उत्तर होते, ‘आपला मेसेज मिळाला. त्याची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. लवकरच संपर्क साधते.’

“भावजी, भाषा बघा कशी झोकदार! लेक साहेबीण झाली माझी.”

त्यानंतर त्या वाट पाहू लागल्या. इस्त्रीचा चटका लागू नये अशा बेताने फोन टेबलाच्या कडेला ठेवीत आणि प्रत्येक कपड्याची घडी झाली की त्याच्याकडे पाहत. उशिरा शिकलेल्या आम्हा माणसांचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास असतो. कुणी लिहून दिले म्हणजे ते होणारच, असे आम्ही धरून चालतो. अखेर त्यांनी वर्गातच विचारले, “मास्तरीणबाई, लवकरच म्हणजे कधी?”

“वहिनी, ऑफिसातलं लवकरच आणि शिंप्याचं उद्या, ही सख्खी भावंडं.”

वर्ग हसला. वहिनी हसल्या नाहीत.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने पहिला मेसेज लिहायचे ठरवले. मुलीच्या मेसेजांतली वाक्ये त्यांनी कित्येकदा गिरवली आणि शेवटी असे लिहिले : ‘आपल्या आगमनाची प्रतीक्षा आहे. सोयीनुसार कळवावे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’

मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही असं बोलत नाही.”

“बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. शिकलेल्या लेकीला काय अडाण्यासारखं लिहू?”

त्याच संध्याकाळी फोन वाजला. मी माझा शर्ट न्यायला दुकानात आलो होतो. वहिनींच्या हातात इस्त्री असल्यामुळे त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“आई, हे कुणी लिहून दिलं तुला?”

“कोण देणार? मीच लिहिलं. चुकलं का काही?”



“आई, मी दिवसभर हेच पाठवते गं. एक बटण दाबलं की अख्खं वाक्य जातं. चिडलेल्या माणसाला दारातच थोपवायची वाक्यं आहेत ती. तुलाही तीच जात होती, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आज तुझं वाचलं आणि वाटलं, आता आईपण मला थोपवतेय.”

“थोपवू कशाला, भवाने? बोलावत होते तुला!”

“मग तसं म्हण ना. इथे कुणी मला भवानी म्हणत नाही.”

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि पदराने डोळे पुसले. कापडाला डाग पडू नये म्हणून पुसले, असे त्यांनी मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा मेसेज लिहिला. तो मी वाचला आहे. ‘भवाने, तुझा निळा सदरा धुऊन ठेवला आहे. त्याच्यावर पाणी कधी मारू, तेवढं सांग.’ पाणी शिंपडलेला कपडा ठेवून देता येत नाही. त्याच दिवशी इस्त्री करावी लागते, नाहीतर त्याला कुबट वास येतो. मुलगी दुकानातच वाढल्यामुळे तिला हे सांगावे लागत नाही. या प्रश्नाला कंपनीच्या बटणात वाक्य नव्हते. उत्तर यायला दोन रात्री गेल्या.

‘शनिवारी सकाळी मार.’

शनिवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. ओला सदरा गुंडाळून टेबलावर ठेवला होता आणि वहिनी रस्त्याकडे पाहत होत्या. दुपारी त्यांनी त्याच्यावर पुन्हा पाणी मारले. ऊन उतरताना मुलगी आली, तेव्हा आधी कॉलर, मग बाह्या, असे करीत त्यांनी तिच्यादेखत सदऱ्याला इस्त्री केली. तिने तो गरम असतानाच अंगात घातला.

रविवारी ती परत गेली. सदरा आता धुऊन पुन्हा फळीवर आहे, चुरगळलेलाच.

“पाणी कधी मारू म्हणून विचारलंय, भावजी,” वहिनी काल म्हणाल्या. “अजून उत्तर नाही. पण ‘लवकरच’सुद्धा आलेलं नाही. म्हणजे पोरगी विचार करतेय.”

आणि त्यांनी फोनकडे पाहत पुढचा शर्ट हाती घेतला.