खालच्या कप्प्यातलं आडनाव

"बाकीच्यांनी नाकाले रुमाल लावले. हिले काहीच वाटत नाही. पाहा हिचा हात."

जीवशास्त्राचे सर माझी आकृती वर्गाला दाखवत होते. टेबलावर ट्रेमध्ये बकऱ्याचं हृदय, उभं चिरलेलं. ते मीच आणलं होतं. "तुही गाडी धाड गावावरून येते, उद्या तिथं बाजार आहे. तुमच्याकडं चालते हे सगळं," असं सर आदल्या दिवशी म्हणाले होते. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. रक्त गळून ड्रेसवर डाग पडला. ज्यांच्या घरी रविवारी मटण शिजतं, तीच पोरं वर्गात माझ्यापासून बाक सरकवून बसली.

"याले अनुवंश म्हणतात," सर म्हणाले. "हिच्या आज्यानं ढोरं फाडली. सुरी गेली, पेन्सिल आली."

वर्ग खदाखदा हसला. माझे कान तापले. ती आकृती जमावी म्हणून मी इतकं खोडलं होतं, की कागद झिजला होता. ते कुणी पाहिलं नाही. रक्तातून आलं म्हटलं की मेहनत मोजायची गरज उरत नाही.

सर आमच्याच गावचे, जमीनवाल्या घरातले. माझ्या आज्याला त्यांचं घर नावानं नाही, कामानं ओळखायचं.

पुढं नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं. भिंतीवर मोठं हृदय रंगवायचं काम अर्थातच माझ्याकडं. सर म्हणाले, "खाली नाव लिही. आडनाव नको, पाहुणे येऊन राह्यले." आमच्या आडनावातून जात कळते. सरांच्याही कळते, पण ते दारावरच्या पाटीवर पितळी अक्षरांत आहे.

मी रंगवलं. शुद्ध रक्ताला लाल, अशुद्ध रक्ताला निळा. रक्तातही शुद्ध-अशुद्ध असतं, हे पुस्तकातच लिहिलेलं आहे.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. नारळ फुटला, पेढे वाटले. "कोनं काढलं हे?" त्यांनी विचारलं. सरांनी मला पुढं ओढलं आणि तीच गंमत पुन्हा सांगितली. ढोरं, सुरी, पेन्सिल. अध्यक्ष पोट धरून हसले.

दाराशी माझी माय उभी होती. दिवसाची मजुरी बुडवून, ठेवणीतलं पातळ नेसून लेकीचं चित्र पाहायला आली होती. तीही हसली. विनोद कळला नाही म्हणून नव्हे. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

तिचं ते हसू मला सहन झालं नाही.

"सर," मी म्हटलं, "माह्या आज्यानं ते काम सोडलं, तवा त्याले गावानं पाणी बंद केलं. आमच्यात ते उतरलंच नाही. तुमच्या आज्यानं त्याले मेलेलं ढोर ओढाले लावलं. तुम्ही मले दिल आणाले लावलं. अनुवंश तुमच्यात उतरला."

रंगाचे डबे अजून कोपऱ्यातच होते. मी ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यात आडनाव लिहिलं. ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी त्यावर लाल रंग फासलेला होता. आडनावाबरोबर झडपही गेली होती. प्रात्यक्षिकाला सरांनी मला काठावर पास केलं.

"काऊन बोलली वं?" माय म्हणाली. "निभून गेलं असतं."

"आजवर निभलंच ना, माय. म्हणून बोलली."

ती भिंत अजून तशीच आहे. पोरं तिच्याकडं बघून झडप नसलेलं हृदय काढतात आणि सर त्यावर सही करतात.

मी आता वैद्यकीय पुस्तकांसाठी आकृत्या काढते. नाव खाली लिहीत नाही. खाली लिहिलेलं कापून टाकता येतं. मी आत लिहिते, स्नायूंच्या रेषांत, शिरांच्या जाळ्यात, आडनावासकट. ज्याला ते नको असेल, त्यानं अख्खं हृदय पुसावं.