टोब्रुकचे आजोबा
बागेत रोजमेरी छाटताना हातांना तिचा उग्र वास लागला आणि लॉकडाउनमधली अँझॅक डेची, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाची पहाट आठवली; त्या दिवशी छातीवर रोजमेरीची डहाळी लावतात. युद्धस्मारकावर जायला बंदी, म्हणून क्वेकर्स हिलची आमची गल्ली मेणबत्त्या घेऊन आपापल्या ड्राइव्हवेवर उभी होती. समोरच्या म्हाताऱ्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात टोब्रुकच्या वेढ्यात लढलेले. गल्लीत नवा असताना, त्याने जवळचं मानावं म्हणून, माझे आजोबाही तिथेच होते असं मी ठोकून दिलं होतं. "मेट, ग्रँडडॅडचं नाव सांग, डॅडच्या नावाबरोबर वाचतो," तो पलीकडून ओरडला. मी सांगितलं. शेजारी उभ्या मुलीने हळूच विचारलं, "बाबा, पणजोबा वॉज अ टेलर, ना?" "ते नंतर गं. आधी सैन्यात होते." म्हाताऱ्याने नाव अडखळत, पण पूर्ण वाचलं आणि सॅल्यूट ठोकला. आजोबांनी जन्मभर साताऱ्यात शिलाई मशीन चालवलं, समुद्रही पाहिला नव्हता. पुढे ऑनलाइन वर्गात मुलगी अभिमानाने टोब्रुकबद्दल बोलली. शेजारच्या खोलीत मी ऐकत बसलो, उठलो नाही. म्हातारा गेला. मुलगी आता युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. काल तिने फोनवर पणजोबांची रेजिमेंट विचारली. शोधून सांगतो, म्हणालो.