फुकटच्या खोलीतला पाहुणचार

घनसावंगीत माझं बी-बियाणांचं दुकान आहे. मागच्या हंगामात कपाशीचं बियाणं बरं खपलं, म्हणून जुन्या जालन्यातल्या आमच्या होलसेलवाल्यानं मला गोव्यातल्या एका हॉटेलचं कूपन दिलं. दोन माणसं, दोन रात्री, बिलकुल फुकट. खाली कॅसिनो आहे, हे त्यानं डोळा मिचकावून सांगितलं. जुगार हा काही माझा प्रांत नव्हे. माझ्या मनात आई होती.

आमचं घर जांब समर्थच्या रस्त्यावर. दर्शनाला निघालेलं ओळखीचं-बिनओळखीचं कुणीही आमच्या ओसरीवर टेकतं आणि आई उठून चहा टाकते. लोकांचं करता करताच तिचं वय झालं. स्वतः ती कुठं पाहुणी म्हणून राहिली असेल तर मला आठवत नाही. माहेरी गेली तरी पदर खोचून स्वयंपाकघरात. एकदा तरी तिनं नुसतं बसावं, कुणीतरी तिचं करावं, आणि तिनं समुद्र बघावा, एवढीच माझी हौस.

हॉटेलात पाय ठेवल्याबरोबर काउंटरवरच्या माणसानं सुविधा शुल्क मागितलं. मग अनामत रक्कम. मग कॅसिनोचं प्रवेश शुल्क, जे आम्ही खाली उतरलो नाही तरी भरायचंच. मी दात-ओठ खात सगळं भरलं. आई मागच्या सोफ्यावर बसून छताचं झुंबर बघत होती, तिला यातलं काही कळू दिलं नाही.

खोलीत टेबलावर ट्रे होता. काजू, बिस्किटं, चॉकलेटं, पाण्याच्या बाटल्या. आई हरखली. न मागता समोर ठेवलंय म्हणजे माणसं जाणती आहेत, असं तिचं मत पडलं. पाहुण्यानं पुढ्यात आलेलं नाकारू नये आणि एकट्यानं खाऊही नये, ही आमच्याकडची रीत. मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत तिनं दोन काजू तोंडात टाकून बाकी सगळं वाटून टाकलं होतं. झाडायला आलेल्या बाईला बिस्किटं, शेजारच्या खोलीतल्या पोरांना चॉकलेटं. वर पाहुणीनं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून घरून बांधून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ती खाली काउंटरवर गेली. मी ओल्या डोक्यानं तिच्यामागं धावलो.

तो माणूस नेमका मराठी निघाला. इंग्रजीत बोलला असता तर मी निभावून नेलं असतं.

"मावशी, ते ट्रेमधलं फुकट नसतं," तो म्हणाला. "आणि बाहेरचं खाणं आत आणलं, की त्याचाही चार्ज लागतो."

तो उद्धट नव्हता. अगदी हळू, समजावून सांगितलं त्यानं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी भांडलो. कूपन पुढं केलं. त्यानं ते उलटं करून ठेवलं. मागं बारीक अक्षरात सगळं होतं, फुकट होती ती फक्त खोली. आई दोघांच्या मधे उभी होती. तिनं धपाट्यांची पुरचुंडी काउंटरवरून उचलली आणि पदराखाली घेतली, दुकानातून काही लंपास करताना सापडल्यासारखी. ते बघून माझं भांडण तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी ती पलंगावर बसलीच नाही. चादरीची नीट घडी करून उशाला ठेवली, भिंतीला टेकून फरशीवर बसली. पाणी न्हाणीघरातल्या नळाचं प्यायली, पेला पुसून जागच्या जागी. मी एसी लावला की ती उठून बंद करी. मी वैतागून म्हणालो, आई, तो भाड्यातच आहे.

"कोणत्या भाड्यात?" तिनं विचारलं. "फुकट व्हतं ना समदं?"

खरं म्हणजे एसीचं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. खाली जाऊन विचारायची हिंमत नव्हती. विचारल्याचेही पैसे लागायचे, असं वाटण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

संध्याकाळी मी तिला बळंच बाहेर काढलं. हॉटेलच्या मागच्या दारातून निघालं की समोरच समुद्र. वाळूत छत्र्या, छत्र्यांखाली ओळीनं खुर्च्या, गोरीगोमटी माणसं पाय पसरून पडलेली. फरशी संपून वाळू सुरू होते तिथं आई थांबली. सूर्य खाली आला होता, सगळं पाणी तांबूस झालं होतं. तिनं एकदा पार टोकापर्यंत नजर नेली. मग माझ्याकडं वळून आवाज खाली आणून म्हणाली, "पाण्यात पाय घातल्याचं किती घेत्यात?"

काही नाही घेत, मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. मी पँट वर दुमडून स्वतः पाण्यात गेलो, घोट्याएवढ्या लाटेत उभा राहून तिला हाका मारल्या, हात केले. चपला हातात घेऊन आई फरशीवरच उभी राहिली, आणि मलाच खुणेनं बाहेर बोलावत राहिली.