यादीतला आठवा गेम

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नगरला सावेडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शिकवत होते म्हणजे सकाळी आठपासून एकच धडा सहा बॅचना सहा वेळा म्हणत होते. हा माउस, हा असा धरायचा, उचलायचा नाही. दुपारपर्यंत माझाच आवाज मला नकोसा व्हायचा. संध्याकाळी रिक्षातून नागापूरला उतरायचं, वडिलांच्या हाताची पट्टी बदलायची, आईच्या हातातलं काम घ्यायचं आणि पडायचं. बावीस वर्षांची होते, पण त्या वर्षात मी कधी ताजीतवानी उठल्याचं आठवत नाही.

वडील नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, बटणं दाबायची, वरून मशीन खाली येतं आणि पत्र्याला आकार देतं. त्या जानेवारीत मशीन खाली आलं तेव्हा त्यांचा उजवा हात आत होता. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. मशीनची देखभाल नीट नव्हती असं चौकशीत ठरलं आणि देखभाल करणाऱ्या फिटरला घरी बसवलं.

तो फिटर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे काका. वडिलांचा एवढा जिवलग दुसरा कुणी नव्हता. अपघात झाल्यावर तिसऱ्या दिवशी काकू हॉस्पिटलात डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना वॉर्डाच्या दारातच अडवलं. "तुमच्या माणसानं माझ्या वडिलांचा हात घालवला आणि तुम्ही आता जेवायला घालताय," असं मी म्हणाले आणि डबा त्यांच्या हातात परत दिला. सगळा वॉर्ड बघत होता.  काकू डबा पदराखाली धरून जिना उतरून गेल्या. महिन्याभरात खोली सोडून दोघं नवराबायको अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी निघून गेले. मला बरं वाटलं होतं. ते आता लपवण्यात अर्थ नाही.

त्याच उन्हाळ्यात क्लासमधल्या दुसऱ्या सरांनी पुण्याहून एक सीडी आणली. टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे ते जुने व्हिडिओ गेम तिच्यामुळे कॉम्प्युटरवर चालायचे. त्यातच एक फोल्डर होतं बदललेल्या गेमांचं. परदेशातल्या कुठल्या कुठल्या हौशी लोकांनी घरी बसून जुने गेम उघडले होते आणि आपल्या मनासारखे करून ठेवले होते. कुणी शत्रू वाढवले, कुणी भिंती हलवल्या, कुणी जीव कधी संपणारच नाहीत अशी सोय केली. गेम शंभरावर होते आणि नावांवरून काही कळायचं नाही. मुलं मलाच विचारायची, मॅडम, कुठला घेऊ. विचारून विचारून डोकं उठवलं तेव्हा मी एक यादी हातानं लिहून भिंतीला चिकटवली.

ती यादी माझ्याच स्वभावासारखी होती. दोन नंबर घेऊ नये, करणाऱ्यानं फक्त आकाश जांभळं केलंय आणि स्वतःवर खूश झालाय. तीन नंबर ज्याला हरल्यावर रडू येतं त्यानं घ्यावा. पाच नंबरमध्ये उड्या एवढ्या अवघड केल्यात की करणाऱ्याचं घरी कुणाशी तरी वाजलेलं असणार. मुलं यादी वाचून हसायची. मला मात्र हसू येत नव्हतं. मी ती लिहिली होती एकदाच सांगून सुटावं म्हणून.

मला हे गेम इतके माहीत असायचं कारण वडील आणि फिटर काका. आमच्या चाळीत व्हिडिओ गेम आमच्याच घरी होता, आणि रविवारी दुपारी हे दोघे कारखान्यातले जाणते पुरुष टीव्हीपुढे मांडी घालून रणगाड्यांचा गेम खेळायचे. दोघांचे दोन रणगाडे, खाली विटांच्या भिंतीतला किल्ला, आणि वरून येणारे शत्रू. वडील पुढे घुसायचे, काका किल्ल्यापाशी थांबायचे. दोघांतला एक जण लघवीला उठला तरच मला खेळायला मिळायचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेली बोटं हलवत राहा, नाहीतर हात आखडेल. वडील हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवायचे आणि दिवसभर दाराकडे बघत बसायचे. कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम देऊ केलं होतं, पण हात चालता झाल्यावर. घरचा व्हिडिओ गेम केव्हाच बिघडला होता, म्हणून मी त्यांना रविवारी क्लासमध्ये न्यायला लागले. किल्ली माझ्याकडेच असायची. डाव्या हातानं रणगाडा फिरवायचा, उजव्या अंगठ्यानं गोळी मारायची. व्यायामच, पण मी तसं म्हणत नव्हते.

मूळ गेम त्यांना झेपेना. अंगठा दहा मिनिटांत दुखायचा आणि किल्ला जायचा. मग मी आपल्याच यादीतून त्याच रणगाड्यांचे बदललेले गेम त्यांना एकेक करून सुचवायला लागले. आधी सहावा, त्यात शत्रू हळू चालतात. वडील म्हणाले, "हे काय, आजारी हायेत का सगळे?" मग सातवा, त्यात किल्ल्याला विटांऐवजी लोखंडी भिंत. तो त्यांनी अर्धा तास खेळला आणि बंद करायला सांगितला. "किल्ला पडतच न्हाई, मग राखायचा कशाला?" मी थकून गेले होते. सहा दिवस लोकांना शिकवायचं आणि सातव्या दिवशी बापाला खेळवायचं, तोही धड खेळत नाही. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

राहिला आठवा. त्यात बटण नुसतं दाबून धरलं की गोळ्या आपोआप सुटत राहायच्या. यादीत मी लिहिलं होतं, आळशी लोकांसाठी उत्तम. वडिलांना अंगठा दाबून धरणंही जड जाईल हे मला माहीत होतं. म्हणून मी टेबलावरच्या वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा फाडला, दोन घड्या घातल्या आणि कीबोर्डच्या त्या बटणाच्या फटीत दाबून बसवला. बटण खाली गेलं ते तसंच राहिलं. पडद्यावर रणगाडा एकसारख्या गोळ्या मारायला लागला. माझी मला शाबासकी द्यावीशी वाटली.

"आता तुम्ही नुसतं फिरवा," मी म्हणाले. "उजव्या हाताला कामच नाही."

वडिलांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते पुठ्ठ्याकडे बघत होते. मग डाव्या हातानं त्यांनी तो उपसून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"कुनी शिकवलं तुला हे?" त्यांनी विचारलं.

कुणीच शिकवलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आमी असंच करायचो," वडील म्हणाले. "मशीनला दोन बटनं असत्यात. दोन्ही हातानं दोन्ही दाबायची, तवा मशीन खाली येतं. म्हंजी हात आत ऱ्हाऊच शकत न्हाई. पन तसं करून टार्गेट हुत न्हाई. मग एका बटनात पुठ्ठा घालायचा. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटन दाबायचं. साहेब आला की पुठ्ठा काढायचा. समदेच करायचे."

मी म्हणाले, "पण चौकशीत पुठ्ठ्याचं काहीच नव्हतं."

"नव्हतंच. आपला फिटर पळत आला, मशीन बंद केलं, माझा हात सोडवला. आन मंग बटनातला पुठ्ठा काढून खिशात घातला. मी बघत हुतो. पुठ्ठा घावला आसता तर चूक माझी ठरली आसती अन् कामावरनं मीच गेलो आसतो." त्यांनी डाव्या हातानं टेबलावरचा पुठ्ठा दूर सारला. "पुठ्ठा न्हाई म्हनल्यावर मंग मशीनच बिघडलं हुतं, असं ठरलं. अन् मशीन बघायचं काम त्याचं. त्यानं तोंड उघडलं न्हाई. मी बी न्हाई."

मला वॉर्डाचं दार आठवलं, आणि काकूंचे हात.  वडिलांचा राग आला, असा आला की तिथून उठून निघून जावं. सात महिने हा माणूस माझ्या शिव्या ऐकत होता. मी फिटर काकांना रोज शिव्या द्यायचे, जेवताना, पट्टी बदलताना, आणि ते खाली मान घालून बसायचे. मला वाटायचं, वेदनेनं.

"लिहिता येईल का तुला त्या कॉम्प्युटरवर?" त्यांनी विचारलं. "मराठीत."

ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. बटणात पुठ्ठा मी घातला होता, फिटरचा दोष नाही, एवढाच मजकूर होता. त्यांनी खाली सही केली ती उजव्या हातानं, अंगठा आणि करंगळीत पेन धरून. बराच वेळ लागला. मी मदत केली नाही.

अर्ज घेऊन वडील कारखान्यात गेले तेव्हा स्टोअरचं काम हातचं जाणार हे आम्ही धरून चाललो होतो. साहेबांनी अर्ज वाचला आणि परत दिला. चौकशी बंद झालीय, आता फाइल कोण उघडणार, कागद घरी ठेवा, म्हणाले. स्टोअरचं काम राहिलं. काकांचं गेलेलं गेलेलंच राहिलं. खरं बोलायलाही किती उशीर होऊ शकतो ते मला तेव्हा कळलं. सोमवारी मी भिंतीवरच्या यादीतली आठवी ओळ काळ्या पेनानं खोडली. मुलांनी कारण विचारलं, मी सांगितलं की त्यानं डोळे दुखतात.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं एसटीनं संगमनेरवरून अकोल्याला गेलो आणि तिथून जीपनं त्यांच्या गावी. भात कापणीला आलं होतं. काका खाचराच्या बांधावर उभे होते. वडिलांनी हात खिशातून काढून अर्ज पुढे केला. काकांनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"लिवायची काय गरज हुती," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं, आठ दिस सस्पेन करतील. लई झालं तर पंधरा." मग वडिलांच्या हाताकडे बघून म्हणाले, "खेळतोस का अजून?"

"एकट्यानं किल्ला ऱ्हात न्हाई," वडील म्हणाले.

दोघे बांधावर बसले. मी घराकडे गेले. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी मला बघितलं, या म्हणाल्या नाहीत आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. मी येताना सगळं पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "काकू, माझं चुकलं."

त्यांनी ताट वाढलं. भात, हुलग्याचं कालवण, बाजूला शेपूची भाजी. ताट माझ्यापुढे ठेवून त्या भिंतीला टेकून समोरच बसल्या.

"तवाच्या डब्यात बी शेपूच हुती," काकू म्हणाल्या. "तुला आवडती म्हनून केल्ती. मग घरी नेऊन दोन दिस तशीच ठेवली, टाकवंना. जेव आता."

मी जेवायला लागले. माझा शेवटचा घास होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.